होय-नाहीच्या चौकोनातल्या बर्डबाई

कॅलिफोर्नियात निवडणूक जवळ आली की टपालाने मतपत्रिकेचं जाडजूड पाकीट घरी येतं. गव्हर्नर, सिनेटर इथपर्यंत सगळं सोपं असतं. पुढे शाळा मंडळ येतं, पाणी मंडळ येतं, रोख्यांचे प्रस्ताव येतात, आणि या गर्दीतच कुठेतरी न्यायमूर्तींची नावं असतात. त्यांना पक्ष नसतो आणि समोर प्रतिस्पर्धीही नसतो. यांना पदावर ठेवायचं का, एवढाच प्रश्न. दोन चौकोन: होय आणि नाही.

आमच्या मराठी मैत्रिणींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या आठवड्यात हमखास कोणीतरी विचारतं, "जजांचं काय करायचं गं?" एक म्हणते सगळ्यांना होय, दुसरी म्हणते मी तो भाग कोराच सोडते. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. आपण भारतात वाढलेली माणसं. न्यायाधीश म्हणजे कोर्टातल्या उंच खुर्चीवरची व्यक्ती, तिला आपण मत द्यायचं ही कल्पनाच आधी पचत नाही. मलाही पचली नव्हती. म्हणून हे चौकोन आले कुठून याचा शोध घेत बसले, आणि त्या शोधात मला रोझ बर्ड भेटल्या. तेव्हापासून मनात मी त्यांना बर्डबाईच म्हणते.

१९८६ च्या नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी आपल्या राज्याच्या सरन्यायाधीशांना घरी पाठवलं. त्या सरन्यायाधीश म्हणजे बर्डबाई. दर तीन मतदारांमधल्या दोघांनी 'नाही'वर खूण केली होती. त्यांच्याबरोबर क्रूझ रेनोसो आणि जोसेफ ग्रोडिन हे आणखी दोन न्यायमूर्तीही गेले. या राज्याने त्याआधी असं कधी केलं नव्हतं आणि त्यानंतरही केलेलं नाही.

पद्धत अशी आहे. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात सात न्यायमूर्ती असतात. गव्हर्नर नाव सुचवतो, तिघांचा आयोग त्यावर शिक्कामोर्तब करतो, आणि मग गव्हर्नरच्या पुढच्या निवडणुकीत लोक होय की नाही ते सांगतात. मुदत बारा वर्षांची. ही व्यवस्था १९३४ ची. त्याआधी न्यायमूर्ती चक्क एकमेकांविरुद्ध निवडणूक लढवत, म्हणजे त्या काळाच्या मानाने ही सुधारणाच होती. न्यायाधीशाला प्रचारात उतरावं लागू नये, पण लोकांच्या हातून तो पुरता सुटूही नये, असा तो मधला मार्ग. पन्नास वर्षं तो निमूट चालला. लोक डोळे झाकून 'होय' म्हणत राहिले.

बर्डबाई १९३६ च्या, ॲरिझोनात टूसॉनच्या जवळ जन्मलेल्या. वडील लहानपणीच गेले. आईने तीन मुलांना घेऊन न्यूयॉर्कची वाट धरली आणि कारखान्यात काम करून त्यांना वाढवलं. तीन भावंडांत या धाकट्या. शिष्यवृत्तीवर लाँग आयलंड विद्यापीठात शिकल्या, मग देशाच्या दुसऱ्या टोकाला बर्कलीत जाऊन १९६५ मध्ये कायद्याची पदवी घेतली. नेवाडाच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्तींच्या कायदा-सहायक म्हणून काही काळ काढला आणि मग सँटा क्लारा काउंटीच्या सरकारी बचाव वकिलांच्या कार्यालयात आल्या. ज्याला वकील परवडत नाही अशा आरोपीचा खटला सरकारी पगारावर लढवायचा, हे काम. त्या कार्यालयातल्या त्या पहिल्या स्त्री वकील. आज याच काउंटीत आपली निम्मी मराठी मंडळी कोड लिहीत बसलेली असतात. तेव्हा इथे जर्दाळू आणि आलुबुखाराच्या बागा पुरत्या संपल्या नव्हत्या. आठ वर्षं त्यांनी तिथे काढली, जोडीला स्टॅनफर्डमध्ये शिकवलं.

१९७४ मध्ये जेरी ब्राऊन गव्हर्नरपदासाठी उभे राहिले. बर्कलीतली जुनी ओळख. बाई स्वयंसेवक म्हणून प्रचारात गेल्या आणि उमेदवाराची गाडी चालवण्यापर्यंतची कामं केली. ब्राऊन निवडून आले आणि त्यांनी बाईंना शेती व सेवा या अवाढव्य विभागाच्या प्रमुख केलं. कॅलिफोर्नियाच्या मंत्रिमंडळातली ही पहिली बाई, आणि तीही शेतीखात्यात. शेतीचा अनुभव शून्य. बागायतदारांच्या भुवया तिथेच वर गेल्या.

त्यांच्या कारभारातली एक गोष्ट मला कुठल्याही निकालपत्रापेक्षा महत्त्वाची वाटते. सॅलिनासच्या खोऱ्यात लेट्यूसची मैलोगणिक शेतं आहेत. तिथे रोपांची विरळणी आणि खुरपणी करायला मजुरांना आखूड दांड्याची कुदळी देत. दांडा फुटाभराचा. मेक्सिकन मजूर तिला 'एल कोर्तितो' म्हणत. ती वापरायची तर कमरेत पूर्ण वाकावं लागतं, आणि ते दिवसभर. मालकांचं म्हणणं असं, की लांब दांड्याने काम नेमकं होत नाही, रोपं दुखावतात. मजुरांना मात्र खरं कारण ठाऊक होतं. आखूड दांडा हातात असला की मुकादमाला बांधावरून एका नजरेत कळतं, कोण काम करतोय आणि कोण कंबर सरळ करायला उभा राहिलाय. ऐन उमेदीत मजुरांच्या पाठी कायमच्या मोडत. ग्रामीण गरिबांच्या वतीने लढणाऱ्या वकिलांच्या एका संस्थेने हा प्रश्न कोर्टात नेला, आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ च्या जानेवारीत मजुरांच्या बाजूने निकाल दिला. त्याच वर्षी ही कुदळी बंद झाली. ती बंद पाडणाऱ्यांमध्ये बर्डबाईंचं नाव घेतलं जातं. विरळणी लांब दांड्यानेही व्यवस्थित होते, हे मग मालकांनाही दिसलं.

वकिलांच्या त्या संस्थेचे एकेकाळचे संचालक म्हणजे क्रूझ रेनोसो. स्वतः शेतमजुराच्या घरातले, अकरा भावंडांतले एक. पुढे त्याच न्यायालयावर गेलेले पहिले लॅटिनो न्यायमूर्ती. १९८६ मध्ये बाईंबरोबर गेले ते हेच.

कुदळी बंद झाली त्याच वर्षी शेतमजुरांना संघटना करून मालकाशी वाटाघाटी करण्याचा हक्क देणारा कायदा झाला. शेतमजुरांचे नेते सीझर चावेझ यांच्या आंदोलनाने तो मिळवला खरा, पण त्याचा मसुदा घडवण्यात आणि तो सभागृहातून पार करण्यात बर्डबाईंचा हात मोठा होता. बड्या शेतमालकांनी हे लक्षात ठेवलं. त्यांची स्मरणशक्ती दांडगी असते.

१९७७ मध्ये ब्राऊननी बाईंना थेट सरन्यायाधीश केलं. वय चाळीस. त्याआधी त्या खालच्या कोर्टातसुद्धा कधी न्यायाधीशाच्या खुर्चीत बसल्या नव्हत्या. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातल्या पहिल्या स्त्री त्या, आणि आल्या त्या सगळ्यांच्या डोक्यावर. तिथे स्टॅन्ली मॉस्क नावाचे ज्येष्ठ न्यायमूर्ती १९६४ पासून होते आणि पद त्यांच्याकडे जाईल असं बऱ्याच जणांनी गृहीत धरलं होतं. ते नाव पुढे येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवते. आयोगाने बाईंना दोन विरुद्ध एक अशा मतांनी पार केलं. दरम्यान एका कॅथलिक बिशपांनी त्यांच्या स्वभावाबद्दल आणि मनाच्या स्थैर्याबद्दल शंका घेणारं पत्र आयोगाला लिहिलं होतं. हे बिशप शेतमजूर कायद्याखालच्या मंडळाचे अध्यक्ष राहिलेले, म्हणजे परके नव्हते. पण बाईच्या बाबतीत बुद्धीवर बोट ठेवता आलं नाही की स्वभाव हाताशी असतोच, हेही आपल्याला परकं नाही.

स्वभाव मऊ नव्हता, हे खरं. आल्याआल्या त्यांनी सरन्यायाधीशांसाठीची आलिशान मोटार विकून टाकली, विमानाचं तिकीट साधं, हॉटेलही स्वस्तातलं. इथपर्यंत कौतुक. पण जुन्या कर्मचाऱ्यांवर विश्वास टाकणं त्यांना जमलं नाही, मोजकी आपली माणसं भोवती आणि बाकीच्यांना दार बंद, अशी तक्रार त्यांचे चाहतेही करतात. सहकाऱ्यांसाठी घरून बिस्किटं भाजून आणायच्या, पण मनातलं बोलायच्या नाहीत. नेमणुकीच्या आदल्या वर्षी त्यांना स्तनाचा कर्करोग झाला होता आणि तो पुढे पुन्हा उलटला. तो भार घेऊन, सहा पुरुष सहकाऱ्यांत एकटी बाई म्हणून वावरणाऱ्या माणसाकडून दिलखुलासपणाची किती अपेक्षा धरायची, हा माझ्यापुरता प्रश्न आहे.

न्यायालयाचं काम म्हणाल तर ते फाशीपुरतं मुळीच नव्हतं. आमच्याजवळ कॅम्पबेलमध्ये प्रुनयार्ड नावाचं शॉपिंग सेंटर आहे. तिथे काही शाळकरी मुलं एका अर्जावर सह्या गोळा करत होती, रखवालदाराने त्यांना हाकललं. खासगी जागा, मालकाची मर्जी. १९७९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन असा निकाल दिला, की कॅलिफोर्नियाची स्वतःची राज्यघटना अशा जागीही शांतपणे बोलण्याचा आणि सह्या गोळा करण्याचा हक्क देते. बर्डबाई त्या चारांत होत्या. पुढच्या वर्षी देशाच्या, म्हणजे वॉशिंग्टनमधल्या, सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. अमेरिकेतल्या राज्य न्यायालयांची खरी ताकद इथे कळते. देशाची घटना देते त्यापेक्षा राज्याची घटना नागरिकाला जास्त देऊ शकते, आणि ते किती जास्त हे राज्याचे न्यायमूर्ती ठरवतात. आपल्याकडे राज्यांना स्वतंत्र घटनाच नाही, त्यामुळे ही गोष्ट चटकन ध्यानात येत नाही.

१९७८ मध्ये घरपट्टीला लगाम घालणारा 'प्रस्ताव १३' लोकांनी प्रचंड बहुमताने मंजूर केला. न्यायालयानेही तो उचलून धरला. बर्डबाईंनी एकट्यानेच त्यातल्या एका भागावर भिन्नमत लिहिलं. शेजारशेजारच्या दोन सारख्या घरांवर, केवळ एक आधी घेतलं आणि एक नंतर घेतलं म्हणून, वेगवेगळा कर का? हा प्रश्न तेव्हा लोकांना उद्धट वाटला. आज इथे नव्याने घर घेणारं कुठलंही जोडपं पहिलं बिल हातात पडताच तोच प्रश्न विचारतं.

त्याच वर्षीचा बलात्काराचा एक खटला त्यांना फार महागात पडला. कायद्यात 'गंभीर शारीरिक इजा' झाली असेल तर जादा शिक्षेची तरतूद होती. बलात्कार ही आपोआप तशी इजा धरायची का, असा प्रश्न होता. कायदेमंडळाने शब्द जसे लिहिलेत त्यात ते बसत नाही, असं बहुमताने म्हटलं. बाईंनी वेगळं मत जोडलं. त्याचा सारांश असा, की मला हे व्यक्तिशः किती घृणास्पद वाटतं हा मुद्दा नाही, कायदा काय म्हणतो हा आहे. पोस्टरवर यातलं पहिलं वाक्य छापलं जात नाही. त्या नोव्हेंबरमध्ये पहिल्यांदा त्यांचं नाव होय-नाहीसाठी मतदारांपुढे आलं आणि त्या जेमतेम तरल्या, शंभरात बावन्नच्याही खाली. मतदानाच्या दिवशीच सकाळी एका मोठ्या वृत्तपत्राने बातमी दिली होती, की न्यायालयाने एक अडचणीचा निकाल निवडणुकीसाठी दाबून ठेवला आहे. पुढच्या वर्षी त्याची रीतसर चौकशी झाली, न्यायमूर्तींच्या साक्षी झाल्या, कोणावरही आरोप ठेवला गेला नाही. पण सहकारी एकमेकांविरुद्ध साक्षीला बसले की त्या घरात पुढे काय उरतं?

आता फाशी. १९७२ मध्ये याच न्यायालयाने देहदंड राज्यघटनेविरुद्ध ठरवला होता. त्याच वर्षी लोकांनी घटना दुरुस्त करून तो परत आणला. १९७७ मध्ये नवा कायदा झाला, त्याचे जनक जॉर्ज ड्यूकमेजियन, तेव्हाचे राज्य सिनेटर. १९७८ मध्ये लोकप्रस्तावाने तो आणखी विस्तारला, आणि घाईत लिहिलेल्या त्या मजकुरात भोकं होती. जीव घेण्याचा हेतू सिद्ध व्हायलाच हवा का? ज्यूरीला काय सांगायचं आणि काय नाही? ही भोकं न्यायालयापुढे एकेक करत आली. बर्डबाईंपुढे साठाहून अधिक फाशीच्या शिक्षा आल्या. त्यांतली एकही कायम करण्याच्या बाजूने त्यांनी मत दिलं नाही.

एकही नाही. मी या आकड्यापाशी पुन्हा पुन्हा अडखळते. मी स्वतः देहदंडाच्या विरोधात आहे, तरीही. इतक्या खटल्यांत एकदाही सगळं नियमाप्रमाणे झालं नव्हतं? बाजू घेणारे सांगतात, की नव्या कायद्याखालची पहिली प्रकरणं अशीच कच्ची असतात, आणि बहुतेक वेळा बाकीच्या न्यायमूर्तींचंही मत तेच होतं. हे दोन्ही खरं आहे. पण एकदाही नाही म्हटल्यावर माणूस कारणं वाचायचं सोडतो आणि बेरीज बघतो. विरोधकांच्या हाती बाईंनी हे आयतं दिलं.

मॉस्कना मी इथे मुद्दाम आणते. तेही मनाने देहदंडाच्या विरोधातले, आणि ते लपवतही नसत. पण कायदा आहे तोवर तो पाळायचा, अशी त्यांची भूमिका होती आणि काही शिक्षा त्यांनी कायम केल्या. १९८६ च्या त्याच मतपत्रिकेवर त्यांचंही नाव होतं. ते आरामात तरले आणि २००१ मध्ये मरेपर्यंत न्यायमूर्ती राहिले, एकूण सदतीस वर्षं. मला मॉस्क जास्त पटतात, आणि बर्डबाई जास्त आवडतात. या दोन गोष्टींचा मेळ घालायचा माझा विचार नाही.

१९८६ पर्यंत ड्यूकमेजियन गव्हर्नर झाले होते. त्यांनी आधी बाईंविरुद्ध आणि मग रेनोसो, ग्रोडिन यांच्याविरुद्धही उघड भूमिका घेतली. टीव्हीवर खून झालेल्यांचे आईबाप दिसू लागले. गाड्यांच्या मागे बाईंना टाटा करणारे स्टिकर लागले. त्यांच्या केशरचनेवर लेख आले. मोहिमेत लाखो डॉलर ओतले गेले, आणि देणाऱ्यांमध्ये बडे बागायतदार होते, उद्योग होते. त्या आईबापांचं दुःख खरं होतं, त्यावर बोलायचा मला अधिकार नाही. पण लेट्यूसच्या मालकाला फाशीचं एवढं काय पडलं होतं? बाईंनी प्रचाराचे सल्लागार काढून टाकले. राजकारण्यासारखं हात जोडत फिरणं त्यांना मंजूर नव्हतं. तत्त्व म्हणून ठीक, पण या चौकोनांचा खेळ तसा चालत नाही.

याच काळात आपल्याकडे काय चाललं होतं ते बघण्यासारखं आहे. १९८० मध्ये यशवंतराव चंद्रचूड सरन्यायाधीश असताना, त्यांच्याच अध्यक्षतेखालच्या घटनापीठाने बच्चनसिंग खटल्यात देहदंड घटनात्मक ठरवला, मात्र तो 'दुर्मिळातल्या दुर्मिळ' प्रकरणापुरता. पाचांपैकी एकट्या पी. एन. भगवतींनी भिन्नमत दिलं, की देहदंड मुळातच घटनेत बसत नाही. १९८५ मध्ये तेच भगवती देशाचे सरन्यायाधीश झाले. त्यांना कोणी होय-नाही विचारलं नाही. ते बरं झालं असं माझं मन लगेच म्हणतं. आणि मग आठवतं, की आपले न्यायमूर्ती कोण नेमतं आणि कसं नेमतं, हे आपल्यालाही कोणी विचारत नाही.

पद गेल्यावर बर्डबाई पालो आल्टोत आईबरोबर राहिल्या. काही दिवस टीव्हीवर भाष्य केलं, कुठे व्याख्यानं दिली. मोठ्या वकिली कचेऱ्यांची दारं माजी न्यायमूर्तींना उघडी असतात, ती यांना उघडली नाहीत. वकिलीचा परवाना त्यांनी जाऊ दिला. ईस्ट पालो आल्टो ही तेव्हाची गरीब वस्ती. तिथे लोकांना फुकट कायदेशीर मदत देणारं एक कार्यालय होतं. तिथे त्या स्वयंसेवक म्हणून गेल्या, आपण कोण ते न सांगता. त्यांना फोटोकॉपी काढायच्या कामाला लावलं, आणि त्या काढत राहिल्या. १९९१ मध्ये आई गेली. १९९९ च्या डिसेंबरात त्याच कर्करोगाने बाई गेल्या, त्रेसष्टाव्या वर्षी.

२०१८ मध्ये आमच्या काउंटीने पुन्हा एका न्यायाधीशाला घालवलं. स्टॅनफर्डच्या एका विद्यार्थ्याला लैंगिक अत्याचाराबद्दल सहा महिन्यांची शिक्षा देणारे ते न्यायाधीश. मुदत संपायच्या आत परत बोलावण्याचं हे मतदान. १९३२ नंतर राज्यात असं पहिल्यांदाच झालं. आमच्या ग्रुपवर त्या वेळी कोणी 'काय करायचं' विचारलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं. शिक्षा हलकी होती असं मलाही वाटलं. पण त्या निकालानंतर राज्यातल्या प्रत्येक न्यायाधीशाच्या मनात शिक्षा सुनावताना एक आकडा वर सरकला असेल, आणि तो श्रीमंत पोरांसाठी नसून बचाव वकिलाच्या भरवशावर असलेल्या गरिबांसाठीच सरकला असेल, असं मी म्हटल्यावर ग्रुप बराच वेळ तापला होता. अजून आमचं एकमत झालेलं नाही.

बर्डबाई गेल्यावर ड्यूकमेजियननी तीन जागा भरल्या आणि न्यायालय फाशीच्या शिक्षा कायम करू लागलं. हेतू सिद्ध व्हायलाच हवा हा जुना दंडकही १९८७ मध्ये मोडीत निघाला. तो निकाल लिहिला मॉस्कनी. पण प्रत्यक्ष फाशी? १९९२ ते २००६ या काळात एकूण तेरा. त्यांतला पहिला रॉबर्ट हॅरिस. त्याची शिक्षा तर बर्डबाईंच्याच न्यायालयाने, त्यांचा विरोध डावलून, १९८१ मध्ये कायम केली होती. २०१२ आणि २०१६ मध्ये लोकांनी मतदान करून देहदंड राखला, आणि २०१९ मध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी तो अमलात आणायलाच स्थगिती दिली. कायदा आहे, शेकडो कैदी आहेत, शिक्षा होत नाही. बाईंना ज्यासाठी काढलं ते काम त्यांच्याशिवायही फारसं झालं नाही.

झालं ते दुसरंच. १९७९ मध्ये न्यायालयाने ठरवलं होतं, की अपघातात तुमचं नुकसान करणाऱ्याच्या विमा कंपनीने भरपाई देताना गैरमार्गाने टाळाटाळ केली, तर तुम्ही त्या कंपनीवर थेट दावा लावू शकता. विमा कंपन्यांना तो निकाल नऊ वर्षं सलत होता. १९८८ च्या ऑगस्टमध्ये, नवे न्यायमूर्ती येऊन दोन वर्षंही झाली नव्हती तेव्हा, न्यायालयाने तो रद्द केला. ज्या स्टिकरांनी १९८६ च्या गाड्या सजल्या होत्या त्यांवर विम्याचं नाव कुठेच नव्हतं.